प्रार्थनेचा विषय : आमचे भावजी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत चुगली कुणी करत नाही. पाप आहे ते. आम्ही एकमेकांसाठी प्रार्थना करतो. फरक एवढाच, की चुगली करताना डोळे उघडे आणि आवाज खाली असतो; प्रार्थनेत डोळे मिटलेले आणि आवाज शेजारच्या घरात ऐकू जाईल इतका वर. बाकी मजकूर तोच. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाच्या मुलाला कामावरून काढलं, कुणाला कुठे गाठ आलीय आणि डॉक्टरला दाखवायला कोण लाजतंय, हे सगळं मला दर बुधवारी संध्याकाळी घरबसल्या कळतं. पेपर मी केव्हाच बंद केला.

या कामात आमच्या जाऊबाईंचा हात धरणारं कुणी नाही. जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. थोरले दीर वारले त्याला बरीच वर्षं झाली, मुलं आपापल्या संसारात. सकाळी स्वतःपुरता चहा केला की यांना दिवस मोकळा. आणि मोकळा वेळ सगळा प्रभूच्या नावे, म्हणजे पर्यायाने आमच्या डोक्यावर.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. धुलाई आमचे हे बघतात, इस्त्री माझ्याकडे. माझा धर्मही साधारण इस्त्रीएवढाच आहे. समोर आलेला कपडा सरळ करायचा, जाळायचा नाही, आणि ज्याचा त्याला परत द्यायचा. रविवारी मी देवळात जाते, गाणी म्हणते, उपदेश लांबला तर चुळबुळ करते. माझ्याकडून याहून जास्त साक्ष आजवर कुणी मागितली नव्हती.

यंदा मागितली. पाळकसाहेबांनी वर्षाच्या सुरुवातीलाच व्यासपीठावरून सांगितलं की सुवार्ता देवळाच्या चार भिंतींत कोंडून ठेवू नका, रोजच्या जगण्यातून साक्ष द्या, आणि प्रत्येक घराने निदान एका शेजाऱ्याला तरी प्रार्थनेला आणा. पाळकसाहेब भला माणूस. पण आपलं वाक्य कुणाच्या कानात पडेल आणि तिथे त्याचं काय होईल, याचा त्यांना अंदाज नसतो. ते जाऊबाईंच्या कानात पडलं.

दुसऱ्याच दिवसापासून जाऊबाई आमच्या दुकानात येऊन बसायला लागल्या. "मदत करते गं तुला," म्हणाल्या. मदत म्हणजे काय, तर इस्त्री झालेल्या प्रत्येक पँटच्या आणि कोटाच्या खिशात सुवार्तेची पत्रिका सारायची. मला पत्ताच नाही. पत्ता लागला तो एक गिऱ्हाईक दुकानात येऊन ओरडायला लागला तेव्हा. बिचारा पोटाच्या ऑपरेशनला निघाला होता. गाडीत बसल्यावर रुमालासाठी खिशात हात घातला तर हातात कागद आला, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'आज तुमचा शेवटचा दिवस असेल तर?' ऑपरेशन झालं, माणूस बरा होऊन घरी आला, आणि टाके काढल्या काढल्या पहिलं काम त्याने आम्हाला शिव्या घालायचं केलं. जाऊबाई मागे बसून ऐकत होत्या. तो गेल्यावर शांतपणे म्हणाल्या, "वाचला ना? मग ओरडतो कशाला?"

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. पण थोरली जाऊ पडली, करणार काय.

आता आमच्या धाकट्या दिरांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच बेतलं.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा धाकट्या भावजींचे दुधाचे दात पडत होते. स्वभावाने गरीब, हात सोन्यासारखा, कुठलीही गाडी त्यांच्या हातात दिली की शहाण्यासारखी चालायची. फक्त बाटली समोर आली की भावजी शहाण्यासारखे चालत नसत. एकेक करून नोकऱ्या गेल्या. शेवटी बायकोही गेली. आम्ही तिला धाकटी म्हणतो. धाकटी मुलीला घेऊन पलीकडच्या गावात आईकडे राहायला गेली. जाताना तिने आदळआपट केली नाही, रडलीही नाही. मला तेव्हाच कळलं की हे प्रकरण गंभीर आहे.

गेल्या थंडीत भावजींनी सोडली. कशी सोडली ते त्यांचं त्यांना ठाऊक. आम्ही प्रार्थना केली म्हणून सोडली, असं बुधवारचा कंपू म्हणतो; तर म्हणू दे. मग त्यांना नोकरी लागली. एका मालकीणबाईंच्या शाळेच्या व्हॅन आहेत, मुलांना घरून शाळेत आणि शाळेतून घरी सोडणाऱ्या. त्यातली एक भावजींकडे आली. कामावर जायच्या आधी भावजींनी त्यांना स्वतःच सांगून टाकलं, मी प्यायचो. मालकीणबाई म्हणाल्या, "पूर्वीचं पूर्वी. पण माझ्या गाडीत लोकांची मुलं असतात. इथे आलास आणि पुन्हा एकदा जरी घेतलीस, तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि जायचं. मी दुसऱ्यांदा विचारत नाही."

ही बातमी धाकटीला कळली. तिने निरोप धाडला. शाळेचं वर्ष संपेपर्यंत ही नोकरी टिकव. टिकली तर मी मुलीला घेऊन परत येते. नाही टिकली तर मुलीला भेटायला येऊ नकोस, कारण प्रत्येक वेळी तिला समजवायला माझ्याकडे आता शब्द नाहीत.

झालं. त्या दिवसापासून भावजी त्या व्हॅनला असे जपायला लागले की तेवढं कुणी स्वतःच्या डोळ्यांना जपत नाही.

आणि मग एका रविवारी ते मुलीला भेटायला गेले. मुलगी आजीच्या पाठीमागे लपली आणि बाहेर आलीच नाही. भावजी घराबाहेर उभे राहिले, दमले, परत फिरले, आणि वाटेत बसले. म्हणजे कुठे बसले ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, गाडीला त्यांनी हात लावला नाही. पण दुपारी आमच्याकडे आले आणि धुलाईच्या मशीनमागे उभे राहून यांच्यापाशी ढसाढसा रडले. "दादा, एकदाच झालं. पुन्हा नाही. मी मालकीणबाईंना सांगणार आहे, फक्त मला थोडा धीर गोळा करू दे."

आमच्या यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण निदान मला सांगून थांबायचं. नाही. यांनी जाऊबाईंना सांगितलं. का, तर म्हणे, "चुगली नाही केली गं, प्रार्थनेसाठी दिलं."

बुधवारची सभा आमच्या घरी होती. वरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, कमी पडल्या तिथे चादर घातली. माणसं जमली. आणि जाऊबाई जिना चढून आल्या त्या मालकीणबाईंचा हात धरूनच. घराघराने आणायचा शेजारी त्यांनी आणला होता. मालकीणबाई आमच्या गिऱ्हाईक, सीटची कव्हरं आमच्याकडेच धुवायला येतात. धर्माने आमच्यातल्या नाहीत. बोलावलं म्हणून भिडेखातर आल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. दाराशी चादरीवर भावजी. त्यांना बघून त्या ओळखीचं हसल्यासुद्धा.

मी जाऊबाईंना खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "चहा नंतर, आधी प्रभू." आणि डोळे मिटले.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, प्रार्थना मध्येच थांबवायची काही सोय नसते. भाषण थांबवता येतं, भांडण थांबवता येतं, लग्नसुद्धा ऐन वेळी थांबवलेलं मी पाहिलंय. पण डोळे मिटून देवाशी बोलणाऱ्या बाईला 'गप्प बसा' म्हणायचं, तर म्हणणारीच सैतान ठरते.

"दयाळू स्वर्गीय पित्या," जाऊबाई सुरू झाल्या, "या घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू मी तुझ्यापुढे आणते."

"आमेन," मी म्हटलं. जरा जोरातच. वाटलं, आमेन झालं की संपतं. पण खोलीतल्या सगळ्यांनी माझ्यामागून आमेन म्हटलं, आणि जाऊबाईंना वाटलं, माझ्या काळजात आज आत्मा जागा झाला. त्या आणखी पेटल्या.

"तू त्याला व्यसनाच्या खाईतून वर काढलंस."

"आमेन, आमेन," मी.

"आमेन," सगळे.

"पण प्रभू, सैतान झोपत नाही."

मी खोकले. मी खुर्ची सरकवली. शेवटी मी सरळ गाणंच सुरू केलं. आमच्यात एकाने गाणं धरलं की बाकीच्यांनी उचलायचंच असतं, तसं सगळ्यांनी उचललं. कडवं संपेपर्यंत जाऊबाई थांबल्या. मी दुसरं कडवं आठवत होते, तेवढ्या फटीत त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"परवाच्या रविवारी, प्रभू, त्याचा पाय पुन्हा घसरला. लेकराने पुन्हा बाटलीला हात लावला. कोवळ्या मुलांची गाडी त्याच्या हातात आहे, त्याला सांभाळ."

मी डोळे उघडेच ठेवले होते. खोलीत आणखी एकच डोळ्यांची जोडी उघडी होती, खिडकीजवळची. मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी नजर खाली घातली. त्यांना एवढं उत्तर पुरलं.

प्रार्थना पुढे बराच वेळ चालली, तिच्यात दोन आजारी आणि एक घटस्फोट आणखी येऊन गेले, पण माझ्या कानात काही शिरलं नाही. भावजी दाराशी गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

चहा झाला. मालकीणबाईंनी तो प्यायला, बशी खाली ठेवली, मला म्हणाल्या, "चहा छान होता." मग दाराशी थांबल्या. भावजी उठून उभे राहिले. बाईंनी काही विचारायच्या आधीच खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मालकीणबाई म्हणाल्या, "तू येऊन सांगितलं असतंस, तर मी निदान तुझं ऐकून घेतलं असतं." आणि जिना उतरून गेल्या.

भावजी त्यांच्यामागून गेले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

आता जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे? त्यांना ठाऊक नव्हतं? त्याने तर कामाला लागतानाच सगळं सांगितलं होतं म्हणे."

"पूर्वीचं सांगितलं होतं," मी म्हटलं. "परवाचं देवाला ठाऊक होतं, आणि आता तुमच्या कृपेने सगळ्या गल्लीला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्री तापवते न तापवते तोच जाऊबाई हजर. त्यांना झोप लागली नव्हती, ते दिसत होतं. पण बोलायला लागल्या आणि माझं डोकं फिरलं.

"मी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "आजपासून साखळी प्रार्थना लावायची. प्रत्येकाने एकेक तास घ्यायचा. त्याला नोकरी मिळालीच पाहिजे."

"नोकरी होती, जाऊबाई. ती तुम्ही प्रार्थना करून घालवलीत. आता प्रार्थना करून नवी आणणार? तीही अशीच घालवायला?"

"मी घालवली? बाटली मी पाजली त्याला?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

"नाही पाजली. पण धाकटीचा निरोप तुम्हाला ठाऊक होता. मुलगी आता जाते त्यांच्या हातची. आणि दुसऱ्यांची लक्तरं देवापुढे वाळत घालायची एवढी हौस आहे, तर थोरल्या भावजींचं कधी घातलंत का? सगळं आयुष्य ते पीत होते. अख्ख्या गल्लीला ठाऊक. तुम्ही देवळात काय सांगितलंत? पोटाचा आजार. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून."

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. जाऊबाई धुवायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या. त्या गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे मला काय करावं ते सुचेना.

"नाही मांडलं," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. पाळकसाहेब विचारायचे, घरी सगळं ठीक? मी म्हणायची, प्रभूची कृपा. सकाळी यांना जिन्यावरून उचलून आत आणायची आणि शेजारणीला सांगायची, चक्कर आली. मुलांनासुद्धा तेच शिकवलं. कुणाला सांगितलं असतं तर कुणी काही केलं असतं की नाही, काय ठाऊक. नसतंही केलं. पण मी सांगितलंच नाही गं. ते गेले त्या दिवशी ठरवलं, या घरात पुन्हा कुणाचं झाकायचं नाही."

मला जळकट वास आला. मी इस्त्री शर्टावरच ठेवून दिली होती. गिऱ्हाइकाचा शर्ट, पाठीवर इस्त्रीचा पूर्ण छाप. मी ती उचलून बाजूला ठेवली.

"झाकू नका," मी म्हटलं. "पण ज्याचं असेल त्याला उघडू द्या. ते सांगणारच होते. तुम्ही त्यांच्या तोंडचं काढून घेतलंत."

जाऊबाईंनी नाक पुसलं, ते नेमकं कुणाच्या तरी टेबलक्लॉथला. उठल्या आणि निघाल्या. "कुठे?" मी विचारलं. "व्हॅनवालीकडे," म्हणाल्या.

कर्म माझं. आता ही बाई तिथे जाऊन पत्रिका वाटणार. मी दुकान यांच्यावर टाकलं आणि चपला अडकवून मागे धावले.

मालकीणबाईंच्या अंगणात चार-पाच व्हॅन उभ्या होत्या, त्यातली भावजींची सकाळी त्यांनी स्वतःच चालवून आणली होती. त्या नळी धरून चाकांवर पाणी मारत होत्या. आम्हाला बघून नळी बंद केली नाही.

"प्रार्थनेचं काही असेल तर नको," त्या म्हणाल्या. "कालची मला पुरली."

"त्याला परत घ्या," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि मुलांच्या आईबापांना काय सांगू? ड्रायव्हर पितो, पण त्याच्यासाठी प्रार्थना चालू आहे?"

मी जाऊबाईंकडे पाहिलं. आता एखादं वचन येणार, अध्याय आणि ओवीसकट. आलं नाही.

"मला वास कळतो," जाऊबाई म्हणाल्या. "माणूस रात्री प्यायला असला तरी सकाळी मला कळतं. वर वेलची चघळली तरी कळतं, लवंग चघळली तरी कळतं. माझं आयुष्य त्यात गेलंय. मी रोज सकाळी येते. त्याचा वास घेते. नसेल तर त्याला किल्ली देते आणि त्याच्या शेजारी बसते. असेल तर तुम्ही मला सांगायच्या आधी मी तुम्हाला सांगेन. लपवणार नाही."

मालकीणबाईंनी नळी बंद केली. "मुलांना चढवायला-उतरवायला बाई हवीच होती मला," त्या सावकाश म्हणाल्या. "आधीची गुडघे धरून घरी बसलीय. उजाडायच्या आत यावं लागेल. मुलं ओकतात, ते पुसावं लागेल. पगार बेताचा."

"चालेल."

"आणि एक. गाडीत देवाचं एक अक्षर काढायचं नाही. मुलं सगळ्या घरांतली आहेत. ना प्रार्थना, ना पत्रिका, ना गाणी."

उजाडायच्या आत उठणं, ओकाऱ्या, पगार, या सगळ्याला जाऊबाईंनी पटकन हो म्हटलं होतं. इथे त्या अडल्या. कपाळावर घाम आला. मला वाटलं, गेलं सगळं. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं." पाण्यात बुडणारा माणूस म्हणतो तसं.

भावजींना परत आणायला मात्र मला जावं लागलं. ते खोलीत बसून होते, प्यायलेले नव्हते. अट ऐकून म्हणाले, "वहिनी, सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवायचं?" मी म्हटलं, "हो. काल सगळ्यांसमोर मिटून बसलात, त्यापेक्षा बरं."

तर असं सुरू झालं. रोज पहाटे अंगणात बाकीचे ड्रायव्हर बघत असताना भावजींनी जाऊबाईंसमोर उभं राहायचं, त्यांनी म्हणायचं, "फू कर," आणि भावजींनी फू करायचं. पहिले काही दिवस ड्रायव्हर लोक हसले. एकाने स्वतःच पुढे येऊन फू केलं, गंमत म्हणून. जाऊबाई त्याला म्हणाल्या, "तुझी गाडी आज दुसऱ्याला दे." त्यानंतर कुणी हसलं नाही.

आणि गाडीत जाऊबाई गप्प. खरंच गप्प. मला आधी पटेना, म्हणून सीट-कव्हरं द्यायच्या निमित्ताने मी एकदा गाडीत बसून गेले. एका पोराने त्यांच्या स्वेटरवर सगळा नाश्ता ओकला. त्यांनी पोराचं तोंड पुसलं, स्वतःचा स्वेटर काढून पिशवीत कोंबला आणि तशाच कुडकुडत बसल्या. एक मुलगी रोज रडत चढायची, तिचा हात त्यांनी शाळा येईपर्यंत धरून ठेवला. एका आगाऊ कार्ट्याने विचारलं, "आजी, देव असतो का?" जाऊबाईंनी दोन्ही ओठ दातांत धरले. चेहरा लाल झाला. मग म्हणाल्या, "बुटाची नाडी सुटलीय तुझी," आणि वाकून बांधून दिली. त्या माउलीला किती यातना झाल्या असतील ते मला माहीत आहे.

पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी जाऊबाईंना गाठून विचारलं, रविवारी पुढे येऊन साक्ष द्याल का? रोजच्या जगण्यातली साक्ष म्हणतात ती हीच. जाऊबाई म्हणाल्या, "मला बोलायची बंदी आहे." पाळकसाहेब म्हणाले, अहो ती गाडीत. "सवय मोडेल," जाऊबाई म्हणाल्या आणि चालू पडल्या. बुधवारची सभा त्यामुळे फार लवकर संपायला लागली. बऱ्याच जणांना ते आवडलं, पण तसं प्रार्थनेत कुणी म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळे विसरलो होतो. बुधवारी तोंडातून सुटलेली प्रार्थना आमच्या गल्लीत थांबली नव्हती. कुणीतरी ती आपल्या बहिणीला दिली, बहिणीने तिच्या मंडळीत मांडली, आणि अशी ती हळूहळू, ठिकठिकाणी आमेन घेत, पलीकडच्या गावात धाकटीच्या आईच्या देवळात पोचली. तिथे एका बाईने डोळे मिटून सांगितलं की एका शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरला दारूपायी कामावरून काढलंय, त्याच्या बायको-मुलीला धीर दे. धाकटी मागच्या बाकावर बसली होती.

ती पहाटेच्या पहिल्या बसने निघाली आणि तडक अंगणात आली, मुलीला बोटाला धरून. मी कव्हरांचा गठ्ठा घेऊन तिथेच उभी होते. भावजी नुकतेच गाडीची काच पुसून खाली उतरत होते. तिला बघून जागच्या जागी थिजले. फडकं हातात तसंच.

"मी भांडायला नाही आले," धाकटी म्हणाली. "हिला खरं काय ते दाखवायला आणलंय. हिला अजून वाटतं तुझी नोकरी आहे."

"आहे," भावजी म्हणाले.

"तू बोलू नकोस. तुझं मी खूप ऐकलंय." ती जाऊबाईंकडे वळली. "मोठ्या जाऊबाई, तुम्ही सांगा. तुम्ही काही लपवत नाही असं सगळे म्हणतात."

मी मनात म्हटलं, संपलं. बाईला इतक्या दिवसांनी बोलायची परवानगी मिळाली. आता हिच्या तोंडून स्वर्गीय पित्यापासून सैतानापर्यंत सगळे बाहेर पडणार.

"एकदा प्यायला," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या घरून परत येताना. मग नाही. रोज सकाळी मी वास घेते."

"आणि आज?"

"आज अजून घेतलेला नाही. तू घे."

धाकटी उभीच राहिली. मग मुलीचं बोट सोडून भावजींसमोर गेली. भावजींनी सवयीने डोळे मिटले, हात मागे घेतले आणि तोंड उघडलं. धाकटीने चवड्यांवर उभं राहून वास घेतला. एकदा घेतला. पुन्हा घेतला. अंगणातले सगळे ड्रायव्हर कामं टाकून बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

"दात घासले नाहीस," ती म्हणाली.

"घाईत राहिले," भावजी डोळे मिटूनच म्हणाले.

तिने पदराने की रुमालाने, कशाने ते मला दिसलं नाही कारण माझेच डोळे भरले होते, पण आपला चेहरा पुसला. मुलगी इतका वेळ लांबून बघत होती. ती पुढे आली आणि बापाच्या शर्टाचं टोक ओढत म्हणाली, "मला पण."

एवढ्या लोकांसमोर रोज तोंड उघडणारा माणूस, पण मुलीपुढे त्याने पटकन हाताने तोंड झाकलं. मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "घेऊ दे तिला." भावजी ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि हात काढला. मुलीने नाक जवळ नेलं, कपाळाला आठ्या घालून नीट वास घेतला, मोठ्या माणसासारखा. मग आईकडे वळून म्हणाली, "नाहीये."

जाऊबाईंचं तोंड उघडलं. मालकीणबाईंनी डोळे वटारले. तसं ते मिटलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, धाकटीच्या हातात दिली, आणि पुढची सीट सोडून मागच्या दाराने गाडीत चढल्या.

धाकटी किल्ली हातात घेऊन उभी राहिली. "वर्ष संपायला अजून वेळ आहे," ती म्हणाली. "मी म्हटलं ते म्हटलं."

"हो," भावजी म्हणाले.

मुलगी तोपर्यंत पुढच्या सीटवर जाऊन बसली होती आणि तिला खाली उतरवायला कुणी गेलं नाही. धाकटीने भावजींचा हात धरून उघडला, किल्ली त्यात ठेवली आणि म्हणाली, "सावकाश चालव."